हरिलालच्या टोळीतला माणूस

तुलसीरामाची सरदारकी, म्हणजे मजुरांच्या टोळ्यांवरची मुकादमी, गेली ती एका शनिवारी, कारखान्याच्या पडवीत. अठराशे सदुसष्ट सालची ऊसतोड नुकतीच आटपली होती. शेवटच्या गाड्या रिकाम्या झाल्या होत्या, चरक थांबले होते, आणि मळीचा आंबूस वास तेवढा मजुरांच्या सगळ्या कॅम्पवर बसून राहिला होता. मुस्येनं, म्हणजे इस्टेटीच्या गोऱ्या मॅनेजरनं, त्याला बोलावून घेतलं. तुलसीरामाला वाटलं, दर सालासारखं पुढल्या लावणीचं बोलणं असेल. तो कोटाची पितळी बटणं नीट लावून गेला.

मुस्ये खुर्चीत बसून बूट काढत होता. वर न बघताच म्हणाला, "तुलसी, डोंगराकडच्या शेतात तू गेल्या महिन्यात किती वेळा चढलास?"

"रोज चढलो, मुस्ये."

"खोटं. खाली दगडावर बसतोस आणि वरच्या टोळीला हाका मारतोस. मी इथून दुर्बिणीतून बघत असतो."

तुलसीरामानं डावा पाय मागं घेतला. डाव्या गुडघ्यात दोन सालांपासून पाणी भरत होतं. चढताना आत हाडावर हाड घासल्यासारखं व्हायचं, आणि उतरताना सगळं अंग काठीवर टाकावं लागायचं. ही काठी टेकायची नव्हती. ती सरदाराची होती, काखेत धरून चालायची.

"चांगला नोकर होतास," मुस्ये म्हणाला. "आता पुरे. काठी ठेव तिथं."

तुलसीरामानं काठी भिंतीला लावली. ती घसरली आणि फरशीवर खाडकन पडली. उचलायला तो वाकला, पण गुडघा वाकेना. एक हात खुर्चीच्या दिशेनं गेला आणि मधेच थांबला. "राहू दे," मुस्ये म्हणाला आणि बाहेर हाक मारली, "हरिलाल!"

हरिलाल पायरीवरच उभा होता. तो आत आला, वाकला, काठी उचलून त्यानं काखेत धरली. तुलसीरामाकडं त्यानं बघितलं नाही. तेव्हा तुलसीरामाला समजलं, की आपल्या जागी कोण आलं ते.

"आणि घर, मुस्ये?" त्यानं विचारलं.

"तुझी बायको गोण्या शिवते ना आपल्याकडं? तिच्या नावावर राहा."

तिशीत तो संगमेश्वराकडून निघून, मुंबईच्या बंदरातून गलबतानं दर्यापारच्या या उसाच्या बेटावर आला होता. दहा वर्षं ऊस तोडला, चौदा वर्षं दुसऱ्यांकडून तोडवून घेतला. इस्टेट होती त्या ब्रीझे वेर्दिएरच्या पंचक्रोशीत त्याला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. सरदार म्हटलं की तोच.

घरी बसंती भाकऱ्या थापत होती. "काय म्हनाला मुस्ये?"

तुलसीराम उंबऱ्यावर बसला. पाय लांब केला. म्हणाला, "मीच म्हनलो, आता पुरं झालं. पाय दुखतो. त्यो लय थांब थांब म्हनत व्हता."

का बोललो असं, ते त्याला कळलं नाही. तोंडातून निघून गेलं आणि मग परत घेता येईना. बसंतीचा हात पिठावरच थांबला. मग ती हसली. "बरं केलंत. लय राबलात. आता जरा बसा सुखानं."

दुसऱ्या दिवशी गोण्या शिवायच्या शेडमध्ये तिनं सगळ्या बायांना सांगितलं, की आमच्या ह्यांनी आपण होऊन सोडली, साहेब हात जोडत व्हता. संध्याकाळी येऊन हेही तिनं त्याला सांगितलं. तुलसीराम गुडघ्याला तेल चोळत राहिला.

सुख कसलं. पहाटे कॅम्पची घंटा झाली की तो सवयीनं उठून बसायचा आणि मग काय करायचं ते सुचायचं नाही. दारावरून टोळ्या जायच्या. आधी हीच माणसं त्याला बघून चिलीम पाठीमागं लपवायची. आता तोंडात धरून जात होती. कुणी "राम राम, सरदार" म्हणालं की मागून कुणीतरी खोकल्यासारखं हसायचं. नळावर तो चौदा वर्षं सरळ पुढं जाऊन घागर लावत आला होता. तशी लावली, तर एक पोरगेली बाई म्हणाली, "बाबा, रांग हाय." वाईट बोलली नाही, साधंच म्हणाली. त्यानं घागर उचलली आणि सातव्या नंबरावर जाऊन उभा राहिला. उन्हात, पितळी बटणांचा कोट घालून.

दिवसा बसंती शेडमध्ये असायची. एकदा त्यानं भात शिजवायला घेतला आणि तळाला लावला. बसंतीनं तो तसाच खरवडून खाल्ला. संध्याकाळी टोळ्या परतायच्या वेळेला तो घरामागच्या केळींत जाऊन बसू लागला. डास चावायचे. पण हरिलाल काखेत काठी धरून पुढं चाललेला बघण्यापेक्षा डास बरे होते.

असे दोनएक महिने गेले. मग एका दुपारी पितोंकडचा गाडीवान, नंदलाल, बैल न सोडताच दारातून ओरडला, "अवो सरदार! तुमच्या इंद्राणीला मुलगा झाला! आठ दिस झालं!"

बसंती शेडमधून पळत आली, हातात सुई तशीच. इंद्राणी त्यांची एकुलती एक लेक, पितोंला दिलेली. पहिली दोन बाळंतपणं वाया गेली होती. बसंतीनं नंदलालला पाणी दिलं, गूळ दिला, पुन्हा पुन्हा तेच विचारलं. बाळ रडतंय ना? दूध पितंय ना?

"बाळ खणखणीत हाय," नंदलाल म्हणाला. मग बैलांकडं बघत म्हणाला, "बाळंतिणीला ताप येतो. दिसाआड येतो, हुडहुडी भरून. तसा त्या गावात घरोघरी हाय."

तो ताप सगळ्यांना ठाऊक होता. गेल्या सालात अर्ध्या बेटावर तो फिरून गेला होता आणि अजून गेला नव्हता.

गाडी गेल्यावर बसंती म्हणाली, "मला करारातून रजा नाय मिळायची. तुमी जावा. तुमी आता मोकळे हात."

मोकळे हा शब्द तुलसीरामाला लागला. पण लेकीचं नाव ऐकून आत काहीतरी हललंही होतं. बसंतीनं त्याच दिवशी गाठोडं बांधलं: सुंठ, हळद, ओवा, आणि जुन्या लुगड्याचं शिवलेलं दुपटं.

"हरिलालला सांगा," ती म्हणाली. "मुस्येकडनं चिठ्ठी आनून दील. नवा कायदा लय वाईट हाय म्हनत्यात."

नवा कायदा असा होता, की ज्याचा करार संपला आणि ज्याला मालक नाही, अशा जुन्या मजुरानं आपली तसबीर डकवलेला कागद सदा जवळ बाळगायचा. दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर चौकीची परवानगी वेगळी. कागद नसला की भटक्या म्हणून आत. तुलसीरामापाशी असला कागद नव्हता. तो काढायला माणसांच्या रांगा लागल्या तेव्हा तो सरदार होता. त्याला कसला कागद? त्याच्या कोटाची बटणं सगळ्या चौक्या ओळखत होत्या.

आता तो कागद मिळायचा तरी इस्टेटीचा शब्द पाहिजे, आणि इस्टेटीचा शब्द म्हणजे हरिलाल.

संध्याकाळी तो हरिलालच्या दारापर्यंत गेला. हरिलाल पाय धूत होता. उत्तर हिंदुस्थानातल्या, पूरबेकडच्या बापाचा, मराठी टोळीत वाढलेला, उंच, सावकाश बोलणारा माणूस. काठी भिंतीला लावलेली होती. तुलसीराम कुंपणाच्या अलीकडं थांबला, एरंडाच्या आडोशाला, आणि त्याला चार सालांमागची गोष्ट आठवली. आठवली म्हणजे काय, ती गेलीच नव्हती कुठं.

हरिलालचा थोरला भाऊ रोझ बेलकडच्या एका इस्टेटीत होता. तो वारला. हरिलालनं दहाव्यासाठी रजा मागितली. तोडणीचे दिवस होते. तुलसीरामानं दिली नाही. हरिलाल तसाच गेला. तिसऱ्या दिवशी पोलीस विचारायला आले, तेव्हा तुलसीरामानं सांगितलं, तो हमरस्त्यानं यायचा नाही, ओढ्याच्या उताराकडून येईल. तिथंच त्याला धरला. हात दोरखंडानं बांधून भर दुपारी कॅम्पातून आणला. भावासाठी डोकं भादरलेलं होतं, त्यावर ऊन चकाकत होतं. आणि सगळ्या टोळीसमोर तुलसीराम ओरडला होता, "झालं काय रं दहावं? आता बारावं तुरुंगात जाऊन कर!"

टोळी हसली होती. भीतीनं का होईना, हसली होती. हरिलालनं मान वर केली नव्हती.

तुलसीराम कुंपणापासून मागं फिरला. घरी येऊन म्हणाला, "घेतली चिठ्ठी."

बसंतीनं दिवा लावता लावता देवाला हात जोडले.

सकाळी तो निघाला. कोट घातला, गाठोडं खांद्याला. पितों काही फार लांब नव्हतं. धड पायांनी सकाळी निघून दुपारी पोचला असता. आता गुडघ्यामुळं दर अर्ध्या तासानं बसावं लागत होतं. दोन्ही बाजूंना ऊस कमरेइतका झाला होता, रस्त्याची लाल माती पावसानं घोट्याएवढी भुसभुशीत. घामानं कोट पाठीला चिकटला, पण काढला नाही.

जिल्ह्याच्या हद्दीवरच्या पुलापाशी दोन शिपाई कठड्यावर बसून फणस खात होते. त्यातला तरणा उठला.

"कोत तो पास?" तो बेटावरच्या बोलीत, क्रेओलात म्हणाला. पास कुठाय?

"मी सरदार हाय," तुलसीरामानं क्रेओलातच सांगितलं आणि छाती जरा पुढं केली.

"कुठला सरदार? काठी कुठाय?"

"घरी."

"पास?"

"मुस्ये मला ओळखतो. चौकीवर विचारा, सगळे—"

तरण्यानं फणसाचे चिकट हात तुलसीरामाच्याच कोटाला पुसले आणि दंड धरला. "चल. चौकीवरच विचारू."

रस्त्यानं ऊस निंदणाऱ्या बायांची एक टोळी होती. त्या थांबून बघू लागल्या. एकीनं दुसरीला विचारलेलं त्याला स्पष्ट ऐकू आलं, "म्हातारं काय चोरून पळालं गं?"

चौकी म्हणजे एक दगडी खोली आणि पुढं ओसरी. आत आठ-नऊ माणसं भिंतीला पाठ लावून बसली होती. कारकुनानं ओसरीवरच गाठोडं सोडलं. सुंठेचे तुकडे फरशीवर गडगडले. कारकुनानं एक तुकडा हुंगला, खाली टाकला. मग दुपटं उलगडून झटकलं, धरून बघितलं.

"हे काय?"

"बाळाचं हाय. नातवाचं."

"कुठल्या इस्टेटीचा तू?"

तुलसीरामानं नजर सुंठेच्या तुकड्यांवर ठेवली. इस्टेटीचं नाव घेतलं की निरोप जाणार. निरोप गेला की मुस्ये हरिलालला पाठवणार. हरिलाल येणार, आणि आपण इथं भिंतीला पाठ लावून बसलेलो असणार.

"मालक कोण?"

"कोन नाय," तुलसीराम म्हणाला.

"मग उद्या संध्याकाळी मॅजिस्ट्रेट. तिथून भटक्यांच्या डेपोत, खडी फोडायला." कारकुनानं गाठोडं तसंच अर्धवट बांधून पायानं आत सरकवलं.

आत अंधार होता. कुणीतरी म्हणालं, "सरदार, हितं या. हितं भिताडाला ओल नाय."

तो परशुराम होता. चार-पाच सालांमागं तुलसीरामाच्याच टोळीत ऊस तोडायचा, करार संपवून भाजी विकू लागला होता. कागद घरी विसरला, टोपली रस्त्यात टाकून त्याला आणलं होतं. तो सरकला आणि त्यानं जागा केली. तुलसीराम बसला. परशुरामाच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. त्यानं आपल्या मडक्यातलं पाणीही दिलं.

"कुनीकडं निघालता?"

"पितोंला. लेकीला मुलगा झालाय."

"पितोंला?" परशुरामानं मडकं खाली ठेवलं. "सरदार, मी परवा तिथं भाजी घिऊन गेलो. टोपली भरलेली परत आनली. चूल पेटवाया उठेल असं मानूस एकेका घरात नव्हतं. बाळंतीण हाय म्हनता?"

"व्हय."

"मग हितं कशापायी बसला हात? नाव सांगा की इस्टेटीचं. मला कोन हाय सांगाया? तुमाला तर हाय."

तुलसीराम गुडघा धरून बसून राहिला. खोलीत माशा घोंघावत होत्या. दुपट्यावर लाल माती लागली होती. ती त्यानं नखानं खरवडली, तर आणखी पसरली. खडी फोडायची, ही शरम कुणी बघणार नव्हतं. हरिलाल बघणार होता ती शरम वेगळी. बराच वेळ तो त्या दोन्ही तोलत बसला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की या तोलण्यात इंद्राणी कुठंच नाही. त्याला आपलीच किळस आली.

भिंत धरून तो उठला. दारापाशी जाऊन कारकुनाला हाक मारली. इस्टेटीचं नाव सांगितलं.

"कुणाला कळवायचं?"

"हरिलालला," तो म्हणाला. "तिथला सरदार हाय त्यो."

हरिलाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पावसानं भिजलेला, पाय गुडघ्यापर्यंत लाल. कारकुनानं तुलसीरामाला ओसरीवर आणलं.

"हा तुमचा?"

"व्हय," हरिलाल म्हणाला. "आमच्या टोळीतला."

"टोळीतला? मग करार?"

हरिलालनं सदऱ्यातून कागद काढला, कोरडा राहावा म्हणून केळीच्या पानात गुंडाळलेला. मग तुलसीरामाकडं वळला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं त्याच्याकडं बघितलं.

"मुस्ये निस्ती चिठ्ठी देईना. म्हनाला, टोळीत नाव असलं तर माझा, नायतर सरकारचा. एका सालाचा करार हाय. रविवारपोत्तर लेकीकडं ऱ्हायची परवानगी घातलीय त्यात. सोमवारी कामावर."

"कुठल्या टोळीत?"

हरिलालनं केळीचं पान दुमडलं. "गवताच्या."

गवताची टोळी म्हणजे म्हाताऱ्या बाया, लंगडे, तापातून उठलेले. बैलांसाठी बांधाबांधावरून गवत कापून आणायचं. तुलसीराम तिला कधी टोळी म्हणतच नसे. भंगार म्हणायचा, त्यांच्या तोंडावर.

"तुझ्या हाताखाली?"

"व्हय."

कारकुनानं टाक पुढं केला. तुलसीरामानं फुली मारली. फुलीची एक रेघ लांब गेली आणि कारकुनाच्या अक्षरावर चढली. कारकून चुकचुकला.

जाताना त्यानं परशुरामाकडं बघितलं. परशुरामानं हात वर केला. त्याला सोडवायला कुणी आलं नव्हतं. तुलसीरामानं हरिलालला त्याच्यासाठी काही म्हणावं असं मनात आणलं, पण आता कुठल्या तोंडानं आणखी मागायचं? तो मान खाली घालून बाहेर पडला.

फाट्यापर्यंत दोघांची वाट एकच होती. हरिलाल पुढं, तुलसीराम मागं लंगडत. हरिलाल मधूनमधून थांबायचा, पण मागं वळून बघायचा नाही. पाऊस उघडला होता, उसाच्या पात्यांवरून पाणी गळत होतं.

"हरिलाल," तुलसीराम म्हणाला. "तुज्या भावाच्या वेळेला म्या—"

हरिलाल थांबला. पाठमोराच म्हणाला, "ओढ्याच्या उताराची वाट पोलिसांना तुमीच सांगितलीत?"

"व्हय."

"तुमी सवताच?"

"व्हय. म्याच."

हरिलाल वळला. त्याच्या तोंडावर राग दिसेल असं तुलसीरामाला वाटलं होतं. राग नव्हता. काहीतरी खाली पडून फुटावं आणि माणसानं त्याकडं बघत राहावं, तसा तो दिसत होता.

"मी त्या वाटेनं येनार हे फकस्त इंद्रदेवाला ठाव व्हतं," तो म्हणाला. "मीच त्याला सांगून गेलतो. मला वाटलं, त्यानंच सांगितलं. एका गलबतातनं आल्यालं आमचं बाप. तुरुंगातनं आलो आन् त्याच्याशी बोलनं टाकलं. त्यो दारात यायचा, मी दार लावून घ्यायचो. किती वेळा म्हनाला, मी नाय रं, मी नाय."

तुलसीरामाला इंद्रदेव आठवला. बारीक अंगाचा, बासरी वाजवायचा. गेल्या सालात तापात गेला होता. मातीला कोण कोण गेलं होतं ते त्याला आठवेना. हरिलाल नव्हता एवढं आठवलं.

"मी अंदाजानं सांगितलं व्हतं," तुलसीराम म्हणाला. "मला कुनी बोललं नव्हतं. त्या उतारानंच सगळे येत्यात, म्हून..."

चिखलात उभं राहून तो हरिलालच्या पायांकडं बघत राहिला. त्याला वाटलं, यानं आता आपल्याला मारावं. चार लोकांदेखत मारलं तरी चालेल.

हरिलालनं तोंडावरून हात फिरवला. "फाटा आला," तो म्हणाला. "सोमवारी विळा घिऊन या. इस्टेट देत नाय." आणि ब्रीझे वेर्दिएरच्या वाटेला लागला. उसाआड जाईपर्यंत त्यानं मागं बघितलं नाही.

पितोंला पोचेपर्यंत दिवे लागले होते. इंद्राणीचे डोळे पिवळे झाले होते, हातांच्या काड्या. बापाला बघून ती रडली. बाळ कुशीत झोपलं होतं, मूठ तोंडात घालून. जावई बलराम स्वतःही तापातून उठलेला, भिंत धरून चालत होता. त्याच्या बापानं, म्हणजे व्याह्यानं, पुढं येऊन पाट मांडला. "या, सरदार, या. आमच्या घरी सरदार आले!" शेजारी ऐकतील अशा आवाजात म्हणाला.

तुलसीराम पाटावर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "व्याही, मी सरदार नाय आता. काढलं मला मुस्येनं. सोमवारपासनं गवताच्या टोळीत हाय. आन् काल रातभर चौकीत व्हतो, कागद नव्हता म्हून."

सगळं एका दमात बोलला. थांबला असता तर पुढचं आत राहिलं असतं.

"हां... असं का," व्याही म्हणाला. जरा घुटमळला आणि बैलाला बघून येतो म्हणून बाहेर गेला. जेवताना पाट नव्हता. तुलसीरामाचं ताट बलरामाच्या ताटाशेजारी, जमिनीवर.

त्यानं सुंठ उगाळली, काढा केला, दुपटं धुऊन चुलीवर वाळवलं. आयुष्यात कधी न केलेली कामं. बाळाला घेतलं तर ते कोटाच्या बटणांना लागून किंचाळलं. "बाबा, कोट काढा की," इंद्राणी म्हणाली. "टोचतंय त्याला." त्यानं काढून खुंटीला लावला. शनिवारी दुपारी तिला हुडहुडी भरली ती आधीपेक्षा थोडी. रविवारी सकाळी ती उठून बसली आणि भाताची पेज मागितली. बरी होईल की नाही ते कुणी सांगू शकत नव्हतं. पण पेज तिनं सगळी प्यायली.

रविवारी तो परतला तेव्हा बसंती दारात बसली होती. हरिलालकडून तिला चौकीचं कळलंच होतं. तिनं आधी लेकीचं विचारलं, बाळाचं विचारलं. सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले. मग म्हणाली, "चिठ्ठी घेतली म्हनालात न्हवं तुमी?"

"नव्हती घेतली. आन् सरदारकी मी सोडली नव्हती. काढलं मला. काठी ठिव म्हनाला."

बसंती त्याच्याकडं बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"मग मी दोन महिने बायांस्नी काय सांगत फिरले?" ती म्हणाली. "साहेब हात जोडत व्हता म्हनून? त्या सगळ्या ऐकून घ्यायच्या. माना हलवायच्या. त्यांस्नी ठाव असनार, अवो. मुस्येच्या घरची मोलकरीन त्याच शेडमधी शिवती." तिनं पदर तोंडाला लावला. "माझं तोंड कशापायी काळं केलंत? मला तरी खरं सांगायचं."

ती उठून आत गेली, आणि त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढलं, बोलली नाही. सकाळी शेजारणीकडून विळा मागून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला, तेव्हाही नाही.

सोमवारी घंटा झाली आणि तुलसीराम गवताच्या टोळीत जाऊन उभा राहिला. सहा बाया आणि तीन पुरुष. कोट त्यानं घातला नव्हता. बाकीच्या टोळ्या बघत होत्या. कुणी हसलं, कुणी नाही. हरिलालनं नावं घेतली. तुलसीराम, म्हणाला. तुलसीरामानं ओ दिली.

बांधावरचं गवत ओलं होतं, पात्यांना धार होती. वाकता येईना म्हणून तो डावा पाय लांब करून बसल्या जागी कापू लागला, पुढं सरकत, लहान पोर सरकतं तसा. दुपारपर्यंत बोटं चिरली. एका म्हातारीनं, तिचं नाव राजलक्ष्मी, त्याच्याकडं बघून घेतलं आणि म्हणाली, "मूठ खाली धर. वरनं धरल्यावर कापतंय हात." त्यानं मूठ खाली धरली. ती आजारी असताना हिलाच त्यानं एकदा झोपडीतून ओढून बाहेर काढायला लावलं होतं. तिला आठवत असेल की नाही, त्याला कळेना. तिनं पुन्हा त्याच्याकडं बघितलं नाही. तिचं गवत सपसप पडत होतं.

संध्याकाळी गोठ्यापाशी भारे मांडले. हरिलाल एकेक बघत आला. राजलक्ष्मीच्या भाऱ्यावर हात मारून पुढं गेला. तुलसीरामाच्या भाऱ्यापाशी थांबला. एका हातानं उचलला, तोलला.

"ल्हान हाय," म्हणाला. "उद्या मोठा आना."

बाकीच्यांना ज्या आवाजात सांगायचा, त्याच आवाजात. मग पुढच्या भाऱ्याकडं गेला.

तुलसीराम घरी आला. घागरीतलं पाणी घेऊन चिरलेली बोटं धुतली. बसंती चुलीपाशी होती, पाठमोरी. बराच वेळ लाकडं फुंकत होती, पेटलेली असूनही. मग न वळताच तिनं विचारलं, "काय म्हनाला त्यो?"

"भारा ल्हान हाय म्हनाला."

बसंतीनं फुंकणी खाली ठेवली. "मग?"

तुलसीरामानं बोटांकडं बघितलं. "व्हता ल्हान," तो म्हणाला.

तिनं हळदीचा डबा काढला आणि त्याच्याकडं सरकवला.